हळदीच्या थाळीतली करणी

येसाजी थुंकला आणि थाळीतली हळद रक्तासारखी लाल झाली. मांडवातली गर्दी मागे सरली.

"करणी! गालात दडून बसलीय," गणराजबाबा गरजला आणि निरगुडीचा फोक येसाजीच्या गालावर सपकन ओढला. कातडी फाटली. चेल्यांनी हात पिरगाळून धरले होते. फोक पुन्हा पुन्हा बसत होता. मग बाबाने थाळीत लिंबू पिळलं, लाल हळद पिवळी झाली आणि लोकांनी हात जोडले. मांडव आमच्या कीर्तनाचा, गादी नारदाची, आणि तिच्यासमोर हा रक्ताचा खेळ!

येसाजी मिठागरावर राबणारा. गालाच्या आत, चुना लावलेली तंबाखू धरायच्या जागी, त्याला पांढरा चट्टा पडला होता. आरोग्य केंद्रातल्या दंतवैद्य निवेदिता यांनी त्यावर ब्रश घासून पेशी काचेवर घेतल्या होत्या. तपासणीचा निकाल आला, पण येसाजी काही फिरकला नाही. म्हणून डॉक्टर स्वतःच त्याला शोधत मांडवात आल्या.

बाबाने निखाऱ्यातला लाल विळा उचलला होता. चट्टा डागला की करणीचं मूळ जळेल, असं तो सांगत होता.

"विळा खाली ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. गर्दीतून दगड आला, त्यांचं कपाळ फुटलं. रक्त पुसत त्या बाबाच्या दुसऱ्या थाळीत थुंकल्या. हळद पिवळीच राहिली.

"बाई शुद्ध हाय," बाबा घाईने म्हणाला. "करणी पाप्याला लागते."

"बरं. आता तुम्ही थुंका."

बाबाचा खालचा ओठ फुगलेला होता. त्याने मान फिरवली. तेवढ्यात येसाजीची बायको जनी उठली, तिने बाबाच्या जटा मुठीत धरल्या आणि तोंड थाळीत दाबलं. "थुक, मेल्या. माझ्या नवऱ्याला थुकायला लावलंस न्हवं?"

तंबाखूची गोळी थाळीत पडली. तिच्याभोवतीची हळद लालभडक झाली.

"बाबालाबी करणी हाय की," कुणीतरी हसलं. पुढच्याच क्षणी तोच फोक बाबाच्या पाठीवर बसू लागला. डॉक्टर मध्ये पडल्या, एक तडाखा त्यांच्या दंडावर उमटला. "सोडा त्याला. त्याचंही तोंड तपासायचंय मला."

मग त्यांनी समजावलं. चुना लागला की हळद लाल होते, लिंबाने पुन्हा पिवळी. असे चट्टे बहुतेक तंबाखू खाणाऱ्यांनाच पडतात आणि चुनाही त्यांच्याच तोंडात असतो. म्हणून बाबाची थाळी सहसा चुकत नसे.

येसाजीला त्या म्हणाल्या, "सूक्ष्मदर्शकाखाली तुमच्या काही पेशी बिघडलेल्या दिसतात. कॅन्सरच झालाय असं नाही, ही त्याच्या आधीची पायरी असू शकते. छोटा तुकडा काढून खात्री करू. डागला असता तर वरचं जळालं असतं, आतलं वाढत राहिलं असतं."

"मग वाचंन ना मी?"

"हो, वेळेत कळलंय. तंबाखू मात्र आजपासून बंद."

तुकड्याच्या तपासणीने आधीच्या पायरीची शंका खरी ठरवली. कॅन्सर होण्याआधीच चट्टा काढता आला. बाबाला पोलिसांनी नेलं. येसाजीच्या गालावर फोकाचे वण अजून आहेत, पण तो जेवतो आणि एकादशीला आमच्यासोबत गातो.

विठ्ठलावर आमची श्रद्धा आहे, आणि ती कुणाचा गाल फाडायला सांगत नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर कुणाच्या थाळीत थुंकू नका. दवाखान्यात जा आणि तोंड उघडा.