निळीच्या रांजणापाशी

मी निळीचा रांजण बोलतोय. आवाज जरा पोकळ येईल, सांभाळून घ्या. पोट रिकामं असलं की कोणाचाही तसाच येतो.

माझा जन्म ओआहाकाच्या खोऱ्यातला. एका कुंभारणीनं हातानं थापून, काटक्यांच्या आगीत भाजून मला उभं केलं. झिलई मात्र दिली नाही. झिलईच्या भांड्याचं बरं असतं, धुतलं की ते मागचं सगळं विसरतं. माझी उघडी माती जे पिते ते अंगात मुरवते. हे ध्यानात ठेवा, पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

मला विणकराच्या घरातल्या एउसेबिया म्हातारीनं घेतलं. ती लोकर निळी रंगवायची. नीळ म्हणजे मोठी नखरेल, नुसत्या पाण्यात ती विरघळत नाही. तिला आंबवलेलं मूत लागतं. नाकं मुरडू नका. तुमच्या पाहुण्यांनी वाखाणलेले जुने निळे गालिचे असेच रंगले आहेत. पोरांचं मूत सगळ्यात चांगलं, असं एउसेबियाचं मत. शाळेच्या वेळेला ती दारात उभी राहून गल्लीतल्या पोरांना हाका मारायची, "ये रे राजा, रांजणात धार सोड आणि गुळाचा खडा घेऊन जा." पोरं रांग लावायची. एवढी बरकत मी पुढे दुकानातही पाहिली नाही.

एउसेबिया गेली, तयार रंगाची पुडी आली, आणि माझं काम संपलं. तिची सून नासारिया आता मालकीण. तिनं मला घासून घरातल्याच गालिच्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यात मांडलं, तोंडात वाळकी फुलं खोचली. गिऱ्हाईक विचारायचं, "हा कसला हो?" नासारिया म्हणायची, "आमच्या पणजीचा, पिण्याच्या पाण्याचा." राजधानीतल्या एका बाईनं तर माझ्या काठाला गाल टेकून फोटो काढला. मी गप्प राहिलो. धंद्यात एवढं चालतं, आणि जागाही सावलीची होती.

मग नासारियाच्या मुलाचं, क्रिस्पीनचं लग्न झालं. सून ओफेलिया दुसऱ्या गावची. इकडच्या रीतीप्रमाणे ती सासरी राहायला आली. चूल सासूची, माग नवऱ्याचा, कोंबड्याही सासूच्या. एका रविवारी ती त्लाकोलुलाच्या बाजारातून आली, तेव्हा टोपलीत तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या भाकऱ्यांच्या, फडक्याखाली काहीतरी वळवळत होतं. भाजक्या मक्याच्या पिठासारख्या रंगाचं कुत्र्याचं पिल्लू. त्या पिठाला पिनोले म्हणतात, म्हणून याचंही नाव पिनोले. घरात तेवढंच एक तिचं स्वतःचं.

"हे कशाला?" नासारियानं विचारलं.

"राखणीला, आई."

"राखण करायला आधी त्याला चार पायांवर उभं तर राहू दे."

पिनोले उभा राहिला, दुकानभर हुंगत फिरला, थेट माझ्यापाशी आला आणि बसला. उठला तेव्हा फरशी ओली होती.

पहिल्या वेळी सगळे हसले. पुढे कोणी हसेना.

ओफेलियानं त्याला शिकवण्यात काही कसर ठेवली नाही. खाणं झालं की उचलून परसात डाळिंबाखाली न्यायची. "कर रे. कर ना, बाबा." हा आपला कोंबड्यांकडे बघत बसायचा. ती कंटाळून आत आणायची की हा धावत माझ्यापाशी. तिनं फरशी राखेनं घासली, लिंबानं धुतली. फरशी स्वच्छ झाली, मी तर तिथेच होतो. उन्हं तापली की माझ्या अंगातून तो जुना वास सुटायचा. माणसाच्या नाकाला कळायचा नाही. पिनोलेला मात्र मी हाक मारल्यासारखंच वाटायचं: इथे, राजा, इथे.

"बाहेर हवा खायची आणि आत येऊन मुतायचं," नासारिया म्हणायची. "तुमच्या गावात अशीच पद्धत आहे का?"

"ते माझ्या गावचं नाही, बाजारातलं आहे."

"मग बाजारात परत कर. नाहीतर त्याचं नाक त्यात घास, एका दिवसात शिकेल."

ओफेलियानं पिल्लू छातीशी धरलं. "आधी माझं घासा."

या दोघींचं सुरू झालं की क्रिस्पीनच्या मागाची खडखड वाढायची. शहाणा मुलगा. मधे पडला असता तर दोन्हीकडून लोकरीसारखा पिंजला गेला असता.

मग ते घडलं. एका हॉटेलवाल्यानं मोठा गालिचा विणायला सांगितला होता. क्रिस्पीननं तो पुरा करून, गुंडाळून माझ्या शेजारी उभा केला. पिनोलेचा ओहोळ त्याच्या खाली शिरला आणि पांढऱ्या काठावर पिवळा डाग पडला.

नासारिया ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रविवारी एलेउतेरिओ बाजाराहून परतताना येईल," ती म्हणाली. "त्याला डोंगरावरच्या मळ्यात बांधायला कुत्रा हवाय. आधीचा रानातल्या कोयोटांनी नेला."

"हा तर एवढासा आहे, आई."

"म्हणूनच दोरीही लहान लागेल."

त्यानंतर ओफेलिया त्याला तासातासाला बाहेर नेऊ लागली. पोळपाटावर पीठ तसंच टाकून जायची. तो बाहेर काही करायचा नाही, आत आला की माझ्यापाशी. मी आतल्या आत तडकत होतो. एक शब्द बोलता आला असता तर पोरगं वाचलं असतं. आणि खरं सांगतो, हेही मनात यायचं, की बोललो तर माझी सावलीची जागा जाईल.

रविवारी एलेउतेरिओ आला. क्रिस्पीनचा धर्मपिता, म्हणून तो नासारियाचा कोम्पाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. भलामोठा माणूस, खांद्यावर दोरी. दुकानात तेव्हा एक गिऱ्हाईक बाई माझ्या काठावर हात ठेवून उभी होती. ओफेलियानं पिनोलेला पुढे केलं नाही, मागेही ओढलं नाही. एलेउतेरिओनं वाकून फास टाकला तसं पिल्लू घाबरलं, सटकलं, त्याच्या पायांतून निसटून माझ्या बुडाशी आलं. आणि बसलं.

"बघा," नासारिया म्हणाली. "शेवटची सलामी."

ओफेलिया फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली. दुपार तापलेली. पुसता पुसता तिचं नाक माझ्या पोटाला टेकलं आणि हात थांबला. ती उठली, वाळकी फुलं उपसली, तोंड माझ्या तोंडात घातलं.

"आई, यात काय असायचं?"

"पाणी."

"कसलं पाणी?"

क्रिस्पीनचा माग थांबला. नासारियानं गिऱ्हाईक बाईकडे पाहिलं, मग छताकडे. तेवढ्यात एलेउतेरिओचं पोट हसण्यानं हलायला लागलं.

"सांग की, कोमाद्रे. नाहीतर मी सांगतो. एउसेबियामावशी दारात उभी असायची. शाळेला जाताना मी रोज इथे थांबायचो. घरून दाबून यायचो, गूळ चुकू नये म्हणून." गिऱ्हाईक बाईनं काठावरचा हात हळूच काढून घेतला. एलेउतेरिओनं पिल्लाकडे पाहिलं, हातातल्या दोरीकडे पाहिलं, आणि त्याचं हसू ओसरलं. "याच जागी, कोमाद्रे. मला खडा मिळायचा. याला फास?"



"रोज ढवळायचं काम माझं होतं," शेवटी नासारिया म्हणाली, सुनेकडे न बघता. "नवी नवरी होते. माहेरी कधी सांगितलं नाही." मग पदर खोचणाऱ्या बाईसारखी तिनं बाह्या सरसावल्या. "क्रिस्पीन, ऊठ. उचला याला."

पिल्लासाठी आणलेली दोरी माझ्या पोटाभोवती आवळली गेली. दोघांनी मला परसात डाळिंबाखाली नेलं. पिनोले नाक जमिनीला लावून मागोमाग आला. माझ्याभोवती फिरला. ओफेलियाच्या मुठी आवळलेल्या. तो आणखी एकदा फिरला. कोंबड्यांकडे पाहिलं.

आणि बसला.

नासारिया आत गेली, बाहेर आली. चिमटीत गुळाचा बारीक खडा. वाकून त्याच्यापुढे धरला.

"सासूनं ठरवलेला भाव आहे," ती म्हणाली. "मी मोडत नाही."

आता मी इथेच असतो. ऊन लागतं, काठाला एक चीर गेली आहे, फोटो कोणी काढत नाही. पण पिनोले आता रोज घरातून धावत माझ्याकडे येतो आणि ओफेलिया दारातून बघत असते. इतकं खात्रीचं गिऱ्हाईक दुकानात कुठलं? तुम्हाला एवढंच मागतो: घरात नव्यानं आलेलं कोणी चुकायला लागलं, तर दोरी शोधण्याआधी आपल्या घराचा कोपरा एकदा हुंगून बघा.