सहाव्या दिवसाचा धडा

पहिले पाच दिवस शाळा दृष्ट लागण्यासारखी चालली. गावाबाहेरचं बियाण्यांचं जुनं गोदाम मिशनच्या पाळकांनी सुट्टीपुरतं मागून घेतलं होतं आणि स्वतः खपून झाडून, चुना मारून काढलं होतं. त्यांच्या बायकोला पोरं पहिल्याच दिवसापासून मावशी म्हणायला लागली. तिने समोरच्या भिंतीवर हिरवं लोकरी कापड ताणून बसवलं होतं. त्यावर कापडी चित्रं नुसती दाबली की चिकटायची: प्रलयातलं तारू, मेंढरं, होडी, पाच भाकरी आणि दोन मासे. बायबल शाळा भरायची नऊला, पण पोरं आठलाच दारात उभी. एकेचाळीस पोरं. त्यांतली निम्मी देवासाठी नाही, रंगपेट्यांसाठी येतात, हे मावशी ओळखून होती. पण कोण कशासाठी आलं ते विचारत बसलं, तर मोठ्यांच्या प्रार्थनेतली बाकंसुद्धा रिकामी पडतील, असं तिचं म्हणणं.

या गावात त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतलं एकही घर नव्हतं, म्हणून तर मिशनने दोघांना इथे धाडलं होतं. पाळक सरळ रेघेचा माणूस. जे पुस्तकात आहे ते आहे, नाही ते नाही. बाकाचा पाय लंगडत असला तरी त्यांना घास गोड लागायचा नाही. मावशीचं तसं नव्हतं. ती गोष्ट सांगता सांगता इकडेतिकडे भटकायची, मेंढराला नाव ठेवायची, मग पोरं हसायची आणि पाळक मागे उभे राहून घड्याळ बघायचे.

सहाव्या दिवशीचा धडा होता दोन वाटांचा. एक अरुंद, प्रभूला मानणाऱ्यांची, स्वर्गाच्या दाराशी जाणारी; एक रुंद, नरकाकडे जाणारी. रुंद वाटेच्या टोकाला लाल कापडाच्या ज्वाळा चिकटवायच्या, असं मिशनच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. मावशीला हा धडा कधीच आवडला नव्हता. दर वर्षी ती तो घाईघाईत उरकायची, कडू औषध एका घोटात घ्यावं तसा. याही वर्षी उरकलाच असता. पण पहिल्या रांगेत भिंगरी बसली होती.

भिंगरी आठ वर्षांची. शिंपीणबाईंची एकुलती एक. एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही, म्हणून हे नाव. त्या दिवशी मात्र ती दगडासारखी बसून होती.

"मावशी," ती म्हणाली, "ज्याला हे कुणी सांगितलंच नाही, तो कुठल्या वाटेने जातो?"

"कोणाबद्दल विचारतेस?"

"माझे आजोबा. ते हिवाळ्यात गेले. तेव्हा तुम्ही आलाच नव्हता."

मागे पाळक खिडकीची कडी बसवत होते. हातोडीचा आवाज थांबला. मावशीने तिकडे पाहिलं. ओठांत खिळा धरून ते तिच्याकडेच बघत होते. दुसरं काही सांगावं असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तोंडातून निघालं ते पुस्तिकेतलं वाक्य.

"दार एकच आहे, बाळा."

"म्हणजे आजोबा बाहेर राहिले?"

मावशीने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. लगेच तिने रंगपेट्या वाटायला घेतल्या आणि गोदामात एकच गलका उठला. भिंगरीने तेवढी पेटी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली नाही. ऊन लागलं असेल, असं मावशीने स्वतःच्या मनाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी चौदा पोरं कमी. मावशी साबण आणायला दुकानात गेली, तर तिथल्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. दुकानदारीण सुटे पैसे परत देताना खाली मान घालून म्हणाली, "शिंपीणबाईंकडे जाऊन या एकदा. पोरीचा हात भाजलाय."

मावशी तशीच साबण हातात धरून निघाली.

शिंपीणबाईंचं घर म्हणजे एक खोली. खिडकीशी मशीन, शेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग, बिनबाह्यांचे, बिनबटणांचे. शाळा उघडायच्या आत ते संपवायचे होते. शिंपीणबाईंनी वर पाहिलं, पण हातातली शिवण पुरी होईपर्यंत मशीन थांबवलं नाही. दोरा तोडला आणि मग म्हणाल्या, "या, बसा."

खाटेवर भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. डाव्या हाताला पांढरी पट्टी.

"परवा दुपारी मी मापं घ्यायला बाहेर गेले होते," शिंपीणबाई सांगू लागल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मावशीला सोपं गेलं असतं. "आले तर ही स्टोव्हच्या जाळावर हात धरून उभी. रडत नव्हती. आकडे मोजत होती. बावीसपर्यंत मोजले म्हणाली. मी म्हटलं, अगं, काय करतेस हे? तर म्हणते, आजोबांना किती भाजतं ते बघत होते."

मावशीने हातातला साबण खाली ठेवला.

"मी भांडायला नाही बसले, बाई. पाच दिवस तुम्ही पोरीला हसवलंत, ते मी विसरणार नाही. माझे वडील गेल्यापासून ती हसलीच नव्हती. गवंडी होते ते. कुणाचं वाईट केलं नाही, कुणाला फसवलं नाही. एकच खोड, घोरायचे. आणि हिला त्या घोरण्याशिवाय झोप यायची नाही." त्यांनी एक बाही उचलून सुईत दोरा ओवला. "मी सांगून बघितलं तिला. पटत नाही. म्हणते, मावशीला पुस्तक वाचता येतं, तुला येत नाही. तेव्हा आता तुम्हीच काय ते सांगा."

मावशी खाटेजवळ सरकली. वीस वर्षांत तिने शेकडो पोरांना गोष्टी सांगितल्या होत्या. आज त्यांतली एकही कामाची नव्हती.

"भिंगरे, त्या दिवशी मी मान हलवली ना, ते चुकलं माझं."

भिंतीकडून आवाज आला, "म्हणजे आजोबा आत आहेत?"

हो म्हणून मोकळं व्हावं, असं मावशीला फार वाटलं. एक शब्द, आणि पोर उठून बसली असती. पण न कळता मान हलवल्याचं फळ समोर पट्टीत गुंडाळलेलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "ते देवालाच ठाऊक. पुस्तकात तुझ्या आजोबांचं नाव घालून कुणी लिहून ठेवलेलं नाही."

"माहीत नव्हतं, तर मान का हलवलीस?"

"घाबरले मी."

"कोणाला?"

मशीनजवळ शिंपीणबाई बाहीला टाका घालत बसल्या होत्या, त्यांचा हात तेवढ्यापुरता थबकला. भिंगरीने तोंड वळवलं नाही. मावशी उठली. दारापर्यंत आलेल्या शिंपीणबाईंना तिने विचारलं, रोज पट्टी बदलायला मी आले तर चालेल का? त्या म्हणाल्या, "या. पण शाळेत ती यायची नाही."

परत आल्यावर मावशीने पाळकांना सगळं सांगितलं. ते बाकावर बसून ऐकत होते. बावीस हा आकडा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"चूक माझीपण आहे," ते म्हणाले. "मी तिथे उभं राहायला नको होतं. पण जे वचन आपल्या हातात नाही, ते आपण देऊ शकत नाही. आजोबा तरले असं सांगायचा तुला काय अधिकार?"

"आणि बुडाले असं सांगायचा होता? तो कोणी दिला?"

पाळक वाकून बाकाचा पाय चाचपू लागले. मावशीला राहवेना. "तुमच्या घरचं माणूस असतं म्हणजे कळलं असतं," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला वाटलं, जिभेला हाड नसतं हेच खरं.

"आहे ना," पाळक म्हणाले. "माझे वडील."

मावशी बघतच राहिली. सासरे लग्नाआधीच वारले होते. त्यांचा विषय घरात निघायचा नाही, आणि तिनेही कधी काढला नव्हता.

"प्रभूला मानायला शेवटपर्यंत नाही म्हणाले. मी पायाशी बसून विनवलं त्यांना. हसले, आणि म्हणाले, तू जेवलास का?" पाळकांनी तळहातांनी तोंड पुसलं. "त्यांच्यासाठी दार जरा किलकिलं करावं असं मला रोज वाटतं. पण मग ते शास्त्र बोलतंय की पोरगा बोलतोय, हे मला कधीच कळणार नाही. म्हणून मी पुस्तकात आहे तेवढंच बोलतो. एक शब्द इकडे नाही, एक तिकडे नाही."

मावशी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, तर ते उठून पाणी प्यायला गेले.

शाळा ठरल्याप्रमाणे दोन आठवडे चालली. शेवटी अकरा पोरं उरली. मावशी रोज शाळा सुटली की शिंपीणबाईंकडे जायची. दवाखान्यातल्या नर्सने दिलेलं मलम लावायची, पट्टी बांधायची. भिंगरी हात पुढे करायची, बोलायची मात्र नाही. चौथ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "घट्ट झाली." मावशीने पट्टी सोडून पुन्हा बांधली. निघायच्या आदल्या दिवशी पाळकही बरोबर आले. ओट्यावर बसून त्यांनी शिंपीणबाईंना त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं, आणि त्या सांगत होत्या तोवर मध्ये एक शब्द बोलले नाहीत. प्रार्थना करू का, असंही त्यांनी विचारलं नाही. मावशीच्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडलं होतं.

भिंगरीने मावशीला निरोप दिला नाही. ती दारात उभी राहिली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मोटारीत बसल्यावर मावशीने मिशनला लिहिलेलं पत्र पिशवीतून काढलं. घडलेलं सगळं तिने लिहिलं होतं, भिंगरीच्या भाजलेल्या हातासकट. खाली लिहिलं होतं की सहाव्या दिवसाचा धडा मी यापुढे लहान मुलांना शिकवणार नाही. त्यासाठी कामावरून कमी करायचं असेल तर करा. पाळकांनी पत्र दोनदा वाचलं.

"सही कराल?" तिने विचारलं.

"नाही. मला जमणार नाही." त्यांनी पत्र नीट घडी करून तिच्या हातात दिलं. "पण तू टाक ते टपालपेटीत. आणि त्यांनी विचारलं, तर ती खरं बोलते आहे एवढं मी सांगेन."

मिशनवाले कामावरून काढून टाकतील का, असं तिने विचारलं. "मला माहीत नाही," पाळक म्हणाले. मोटार मोठ्या रस्त्याला लागली. मावशीने पत्र पिशवीत ठेवलं आणि वरून हात तसाच धरून ठेवला.