मावशी खुर्चीत बसल्या त्या दिवशी

इकडेतिकडे काय बघताय? वर बघा, फळीवर. लाकडी डोक्यावर बसलेला पांढऱ्या केसांचा टोप दिसतोय ना? तो मी. मीच बोलतोय. आणि टोप म्हटल्यावर लगेच हसू नका. कुणाचं टक्कल झाकणाऱ्यांपैकी मी नव्हे. मी नाटकातला टोप आहे. नाटक संपलं की माझ्यासाठी या रंगपटाच्या, म्हणजे नट तोंड रंगवतात त्या खोलीच्या, दाराबाहेर रांग लागायची. आता तुम्ही म्हणाल, रांग नटीसाठी लागते, टोपासाठी कोण येतंय? जरा दम धरा. आधी ऐकून तरी घ्या.

माझा जन्म एका खिडकीपाशी झाला. टोप बनवणारे काका डोळ्यांवर जाड भिंगं चढवून तिथे बसायचे आणि आकड्याच्या बारीक सुईनं एकेक केस जाळीत गाठवायचे. शिंक आली तर तोंड फिरवून शिंकायचे, केस उडू नयेत म्हणून. माझ्यात तीन बायकांचे केस आहेत. बरेचसे पांढरे, थोडे करडे, आणि कपाळापाशी मुद्दाम ठेवलेले चार-दोन काळे. "सगळेच पांढरे घातले की म्हातारी खोटी वाटते," असं काकांचं म्हणणं. त्यावर काकू आतून ओरडायच्या, "घरात माझे केस पिकले तिकडे लक्ष नाही, आणि टोपाचे बरे विंचरत बसता!" काका गालात हसून पुढची गाठ मारायचे. अशा हसत्या घरात जन्मलो, हे माझं नशीबच.

तिथून मी आलो एका नाटक मंडळीत. मंडळीचे मालक आणि दिग्दर्शक एकच, त्यांना सगळे दादा म्हणतात. नाटक होतं एका आजीचं. तिची मुलं दूर गेलेली. रोज एकेकाचा फोन येतो आणि ती प्रत्येकाला सांगते, "माझं अगदी झकास चाललंय." बस, एवढंच. पण ते 'झकास' ऐकून माणसं घळाघळा रडायची.

आजीचं काम करणारी नटी ऐन वेळी आजारी पडली आणि ते काम ताईच्या पदरात पडलं. ताई तेव्हा ऐन तिशीतली, तोवर दोन-दोन वाक्यांच्या भूमिका करणारी. मंडळींना रंगवणाऱ्या मामांनी तिच्या कपाळाला गोंद लावला, मला बसवलं, सुरकुत्या काढल्या. ताईनं आरशात पाहिलं, खांदे सैल सोडले, खालचा ओठ आत ओढला. मामा हातातला ब्रश तसाच धरून म्हणाले, "अगं बाई, मलाच उठून उभं राहावंसं वाटतंय!"

पहिल्या प्रयोगानंतर तिनं आत येताच मला उतरवलं. तिचा दोष नाही, माझ्याखाली डोकं भट्टीसारखं तापतं. तोंड पुसून बसते न बसते तोच एक आडदांड गृहस्थ दारात आले. डोळे लाल झालेले.

"आजी कुठायत?"

"मीच की."

गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं, टेबलावर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. "अस्सं होय," म्हणाले, आणि ओशाळून निघून गेले. काहीतरी सांगायला आले होते बिचारे. ते तसंच परत घेऊन गेले.

ताईचं तोंड एवढंसं झालं. मामा म्हणाले, "लोक आत तुला भेटायला येत नाहीत गं. आजीला भेटायला येतात. आणि आजीला तू उचलून टेबलावर ठेवलंस."

तेव्हापासून ताईनं नेमच केला. शेवटचा प्रेक्षक जाईपर्यंत टोप उतरवायचा नाही, पाठ सरळ करायची नाही, आवाज बदलायचा नाही. आजी म्हणूनच सगळ्यांना भेटायचं.

काय काय माणसं पाहिली मी तिच्या डोक्यावर बसून! बाहेर तावातावानं बोलणारे आत आले की नुसते "छान झालं हं" म्हणून पिशवीचा बंद पिळत उभे. कुणी दटावायचं, "आजी, गोळ्या वेळेवर घेत जा." एकानं तर तिथेच आईला फोन लावला, काय बोलावं सुचेना, म्हणून फोन आजीच्याच हातात दिला. मग दोघी भाजीच्या भावावर बोलत बसल्या आणि तो शेजारी डोळे पुसत उभा. दोन घटकांची ओळख, पण माणसं काळीज उघडून ठेवायची. असं बघायला मिळणं म्हणजे भाग्यच. मी ते कधी विसरलो नाही.

आणि सगळ्यांत नेमानं यायच्या त्या मावशी. अंगानं भरलेल्या, धापा टाकत येणाऱ्या, एक गुडघा कायमचा रुसलेला. या रंगपटात खुर्ची एकच. बाकी स्टुलांवर कपड्यांचे ढीग. पहिल्यांदा मावशी आल्या तेव्हा ताई खुर्चीतून उठू लागली, तर मावशींनी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"बसा आजी, बसा. या वयात एवढं उभं राहून काम करणं म्हणजे खायचं काम आहे का?"

आणि स्वतः टेबलाला धरून उभ्या राहिल्या, कधी या पायावर, कधी त्या पायावर. ताई आजीच्या आवाजात विचारायची, "काय गं पोरी, गुडघा काय म्हणतोय?" मावशी म्हणायच्या, "तो काय म्हणणार? कुरकुरतोय." घरी कुणी विचारत नाही, तुम्ही विचारता, असंही एकदा बोलून गेल्या.

त्या गेल्या की ताई मला उतरवायची आणि डोकं धरून बसायची. "मामा, माझ्या आईच्या वयाची बाई उभी आणि मी खुशाल बसलेली. मेल्याहून मेल्यासारखं होतं हो."

"मग सांगून टाक."

"आता कुठल्या तोंडानं सांगू? त्यांची आजी जाईल ना."

अशी वर्षं गेली. गोंदानं ताईच्या कपाळावर एक तांबूस रेघ कायमची उमटली. ताईनं चाळिशी ओलांडली, आणि दादांनी नवं नाटक काढलं. त्यात मुख्य भूमिका होती इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या एका चाळिशीतल्या बाईची. भांडखोर, हजरजबाबी, खळखळून हसणारी. ते नाटक वाचलं त्या दिवसापासून ताईला दुसरं काही सुचेना. शेवटी धीर करून तिनं दादांना विचारलंच.

दादा स्पष्टच बोलले. "ताई, तू नटी सोन्यासारखी. पण लोक ओळखतात ते आजीला. जाहिरातीत तुझं तोंड छापलं तर विचारतील, ही कोण बुवा?"

"असं कसं? इतकी माणसं भेटतात मला."

"तुला नाही, आजीला भेटतात. लाव पैज. आज दुपारचा प्रयोग संपला की लगेच टोप काढ, तोंड धू आणि इथे दाराशी उभी राहा. तू चकार शब्द काढायचा नाहीस. एकानं जरी ओळखलं, तर भूमिका तुझी. नाहीतर मी दुसरी बघतो आणि हा विषय संपला."

"चालेल," ताई म्हणाली.

प्रयोग संपला. मला उतरवून तिनं धुतलेलं तोंड पुन्हा पुन्हा धुतलं. खरं सांगू? मलाही धास्तीच होती. ती जिंकली तर मला कोण विचारणार? पण इतकी वर्षं ज्या डोक्यावर बसलो त्या डोक्यात काय चाललंय, हे मला कळायचं नाही तर कुणाला? जिंकू दे बाई एकदाची, असंच मला वाटत होतं.

लोक येऊ लागले. दादा कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून बसले. कुणीही "आजी आहेत का?" विचारलं की तेच म्हणायचे, "येतील इतक्यात." एका गृहस्थांनी ताईच्या हातात छत्री दिली, "जरा धरा हं." एका मुलीनं तिच्याकडूनच दादांबरोबर फोटो काढून घेतला. एक बाई डोळे पुसत थेट ताईला म्हणाल्या, "तुम्हीपण पाहिलंत ना नाटक? काय काम केलंय हो म्हातारीनं!" ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या बाईंना वाटलं, नाटकानंच रडतेय.

दादांनाही ते बघवत नव्हतं. वर्तमानपत्राचं पान काही उलटत नव्हतं.

गर्दी पांगली. सगळ्यांत शेवटी, भिंतीला धरत, मावशी आल्या. ताईचा चेहरा उजळला. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तसं हसल्या आणि म्हणाल्या, "आजी कुठं गेल्या गं? थांबते मी."

संपलं. मावशींनीही नाही ओळखलं.

मामा म्हणाले, "बसा ना, खुर्ची रिकामीच आहे."

"छे छे, ती आजींची. आल्या की लागेल त्यांना." मावशींनी टेबलाला धरलं. आज गुडघा फारच दुखत असावा, कारण त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि कपाळावर घाम आला. ताईनं दादांकडे पाहिलं. दादांनी मान हलवली. बोललीस तर हरलीस.

ताईनं खुर्चीकडे पाहिलं. मग सरळ गेली, खुर्ची खरकन ओढली आणि मावशींना कोपराला धरून म्हणाली, "बसा हो मावशी! किती वर्षं अशा उभ्या राहणार? त्या गुडघ्याची दयामाया आहे की नाही?"

मावशी मटकन बसल्या. "तुला काय ठाऊक माझा गुडघा? हे तर मी फक्त आजींना..."

त्यांनी कोपरावरच्या हाताकडे पाहिलं. टेबलावर ठेवलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग ताईच्या कपाळावरची, माझ्या कडेला तंतोतंत जुळणारी ती तांबूस रेघ त्यांना दिसली.

"आजी?"

ताईनं मान डोलावली. माझा जीव टांगणीला लागला. आता 'अस्सं होय' म्हणून उठतात की काय!

"अगं भवाने!" मावशी कडाडल्या. "मी तुला आजी म्हणतेय! गोळ्या घे म्हणतेय, जिना जपून उतर म्हणतेय! आणि तू मला पोरी म्हणत होतीस? माझी धाकटी लेक तुझ्याएवढी आहे!"

"मावशी, चुकलं माझं."

"चुकलं काय चुकलं! खुर्चीत तू, आणि मी उभी!"

आणि त्या हसायला लागल्या. अशा हसल्या की खुर्ची करकरली. हसता हसता रडल्या, मग ताईचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "बघू तरी तुला. अगं, किती गोड आहेस! हे तोंड लपवून कशाला ठेवलंस?"

दादा खाकरले. "ताई, तू बोललीस. अट मोडली."

"हो दादा. हरले मी."

"कसली अट?" मावशींनी विचारलं. मामांनी सगळं सांगितलं. मावशी खुर्चीतच दादांकडे वळल्या.

"अहो, बोलली तर बोलली! नव्या नाटकात काय मुक्यानं उभी करणार आहात तिला?"

मामा फस्सकन हसले. दादांनी डोकं खाजवलं.

"मावशी, या बाईला हिच्याच चेहऱ्यानं बघायला याल?"

"पहिल्या रांगेत बसेन. आणि नाटक संपल्यावर आत येईन. पण खुर्ची माझी."

दादांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "ताई, सोमवारी तालीम आहे. वेळेवर ये. आणि तो टोप आणू नकोस."

ताईनं मला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. तिच्या आसवांनी माझे केस भिजले. पुढे माझा मुक्काम या फळीवर हलला तो हलला.

पण मला अडगळ समजू नका. मामा अधूनमधून विंचरतात. खाली ताईला भेटायला माणसं येतात, तिच्या स्वतःच्या चेहऱ्याला भेटतात, तेव्हा माझी कॉलर ताठ होते. कॉलर नाही मला, पण म्हणायची पद्धत आहे. काकांनी मला घडवलं, मामांनी सांभाळलं, ताईनं डोक्यावर घेऊन मिरवलं, आणि तुम्ही लोकांनी माझ्यासमोर मन मोकळं केलं. एका टोपाला आणखी काय हवं?

एकच मागणं आहे. नाटक आवडलं तर आत जरूर या, "छान झालं"पलीकडे काही सुचलं नाही तरी या. आणि दाराशी तोंड धुतलेलं कुणी उभं दिसलं, तर त्याच्या हातात छत्री द्यायच्या आधी एकदा नीट बघा.

मावशी अजून येतात. खुर्चीत ऐसपैस बसतात, ताईला दोन गोष्टी सुनावतात, चार शाबासक्या देतात. मग उठतात, दारापाशी थांबतात, आणि वर फळीकडे बघून हळूच म्हणतात, "येते हं आजी. गुडघा बरा आहे आता."