उतरवून घेतलेलं नाव

"निकेत," रतन दबक्या आवाजात म्हणाला. "ध्यानात ठेव, ताय. कानात निकेत म्हनायचं. दुसरं कायबी न्हाय."

मनुबाई घुगऱ्यांची परात हातात धरून तशीच उभी राहिली. भावाने मागच्या पडवीत बोलावलं तेव्हा तिला वाटलं होतं, पाहुण्यांच्या चहाचं वगैरे काही असेल. बारशाला जेमतेम अर्धा तास होता. पुढे ओटीवर झेंडूच्या माळा लावलेला पाळणा टांगला होता. गावातल्या बाया जमायला लागल्या होत्या, आणि आतल्या खोलीत भावाची बारा दिवसांची पोर निजली होती.

"निकेत? अरे, मुलगी हाय ती."

"मला म्हाईत न्हाय व्हय?" रतन हसला. "तेच तर. मुलीला मुलाचं नाव घातलं की पाठीवर मुलगा येतो. जुनी मानसं काय खुळी व्हती? आता मीच बघ ना. मी कसा आलो?"

हे तो कुणाला सांगत होता, याचं त्याला भानही नव्हतं. तिच्याच तोंडावर, तिच्याच भावाने, हसत हसत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते उगाच नाही.

"आन मग पोरगा झाला तर?" मनुबाईने विचारलं. आवाज तिने मोठ्या कष्टाने सरळ ठेवला.

"तर निकेत नाव त्याला. हिला दुसरं कायतरी बघू. ल्हान असतात तवर पोरींना काय कळतंय?"

एवढं बोलून तो मांडवात निघूनही गेला. मनुबाईने हातातली परात जात्यावर टेकवली. पोरींना काय कळतंय! पोरींना सगळं कळतं. पाच वर्षांच्या पोरीला तर इतकं कळतं की सत्तेचाळिसाव्या वर्षीही ते विसरता येत नाही.

कारण रतन हे नाव आधी तिचं होतं.

तिचा बाप बाबाजी शिगवण याने मुलगा होईल म्हणून ते नाव ठरवून ठेवलं होतं. झाली मुलगी. मग गावातल्या कुणी शहाण्याने सांगितलं, हेच नाव हिला घाला, हिला मुलासारखी वाढवा, पाठचा भाऊ येतो की नाही बघा. त्याप्रमाणे बाबाजीच्या बहिणीने पाळण्यापाशी तिच्या कानात रतन म्हटलं. पाच वर्षं तिला खाकी चड्डी होती, केस बारीक कापलेले होते. बाप भाताच्या शेतावर जाताना तिला खांद्यावर बसवून नेई आणि भेटेल त्याला सांगे, "ह्यो आमचा रतन." त्या पाच वर्षांइतकं सुख तिला पुढे कुणीही दिलं नाही, हे तिने स्वतःशी केव्हाच कबूल केलेलं होतं.

मग भाऊ झाला. त्याच्या बारशाला त्याच आत्याने त्याच्या कानात तेच नाव घातलं. नाव गुणाचं निघालं, मग वाया कशाला घालवा! "रतन मी हाय," असं पाच वर्षांची पोर मांडवात ओरडली, तर बायांची हसून हसून पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवसापासून ती मनू. मेलेल्या आजीचं नाव मनुबाई होतं, ते रिकामंच पडलं होतं. चड्डी जाऊन झगा आला, आणि बापाच्या खांद्यावर दुसरा रतन बसला. गरज सरो, वैद्य मरो.

गावाचा एक नियम होता, आणि तो अजूनही आहे. आत्याने कानात घातलेलं नाव फिरवत नाहीत. फिरवलं तर पोराला बाधतं, असं म्हणतात. तिच्या बाबतीत तो नियम कुणाला आठवला नाही. मुलीला काय बाधायचं?

लग्नात एक संधी आली होती. खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला, तिचं सासर. ताटातल्या तांदळात नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा सासूने कौतुकाने विचारलं, "तुला कोनतं आवडतं गं?" तिने मान खाली घालून सांगितलं, रतन. मांडवात पुन्हा हशा पिकला. नवऱ्याने बायकोला मेव्हण्याच्या नावाने हाक मारायची का? तांदळात मनुबाईच राहिलं. तिने त्या दिवशी मनात एक गाठ मारली. आत्या व्हायचा दिवस कधीतरी आपलाही येईल.

तो दिवस यायला फार वर्षं लागली. रतनचं लग्न उशिरा झालं, त्यानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. तोवर मनुबाईने दिघीजवळच्या वाडीत अंगणवाडी सांभाळली, दुसऱ्यांच्या पोरांची वजनं केली, हजेरी घेतली, नाकं पुसली. साहिल, प्राप्ती, ऋत्विक, अमिषा. प्रत्येक पोराला ती पूर्ण नावाने हाक मारी. कुणी एखादीला "ए काळे" म्हटलं तर त्याची धडगत नसे. आणि अधूनमधून ती मनात ठरवत बसे. भावाला मुलगा झाला तर त्याच्या कानात मनुबाई म्हणायचं. भर मांडवात. मग बघू कोण हसतं ते.

पण झाली मुलगी, आणि तिचा राग विरघळला. खरंच विरघळला होता. काल फेरीबोटीने खाडी ओलांडताना तिने पोरीसाठी प्राप्ती हे नाव ठरवलं होतं, पिशवीत स्वतः शिवलेली चार झबली होती. जाऊ दे, पोरीने काय घोडं मारलंय, असं म्हणत ती माहेरी आली होती. आणि आज या माणसाने जुन्या जखमेत नेमकं बोट घातलं.

ती आतल्या खोलीत गेली. रुचिका, तिची भावजय, पोरीला पाजून आडवी करत होती. अलिबागची मुलगी, लग्नाआधी वकिलाकडे टायपिंग करायची, बोलायला सरळ.

"ताई, ह्यांनी नाव सांगितलं ना तुम्हाला? निकेत. मलाही आवडलं."

"मुलाचं नाव हाय गं ते."

"असू दे की. नावाला कशाला हवं बाई-पुरुष? वकिलांकडे असताना मी बघितलंय. अर्जावर बाईचं नाव दिसलं की तो कागद खालीच जातो. माझ्या मुलीचा कागद वर राहू दे. ह्यांना सुचलं हे, मला इतकं बरं वाटलं! म्हणाले, आपण मुलगा-मुलगी करायचं नाही."

मनुबाईने तिच्याकडे बघितलं. बाळंतपणाने ओढलेला चेहरा, पण खुशीत होती बिचारी. नवऱ्याने तिला एक सांगितलं आणि बहिणीला दुसरं. आत्ताच्या आत्ता तिला खरं सांगता आलं असतं. चार वाक्यांचं काम. पण मनुबाईने नाही सांगितलं. बंद खोलीत सांगितलं असतं तर ते बंद खोलीतच मिटलं असतं. तिचं नाव भर मांडवात गेलं होतं, हिशेबही मांडवातच व्हायला हवा होता.

"चांगलं हाय तुजं म्हननं," ती म्हणाली, आणि पोरीला कुशीत घेऊन बाहेर आली.

ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाळण्याच्या एका बाजूला मनुबाई, दुसऱ्या बाजूला शेजारची केसरकाकू. पोर पाळण्याखालून जाऊ लागली, वरून येऊ लागली. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मुलगी असली तरी बाया गोविंद-गोपाळच म्हणत होत्या, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. कोपऱ्यात खुर्चीवर आई बसली होती. सत्यवती आता ऐंशीला टेकली होती, गुडघे गेलेले, पण नजर पाळण्यावर घट्ट. रतन खांबाला टेकून मोबाइलवर सगळं टिपत होता.

पोर पाळण्यात ठेवली. मनुबाई वाकली. तिने पोरीच्या इवल्याशा कानाला ओठ लावले आणि नाव सांगितलं. मागून "कुर्र" झालं, पाठीत धपाटे बसले.

"काय ठेवलंस गं नाव?" केसरकाकूने विचारलं.

मनुबाई ताठ उभी राहिली. पदर खोचला.

"रतन."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग एकदोघी फिसकन हसल्या, आणि मनुबाईच्या तोंडाकडे बघून गप्प झाल्या. भावाचा मोबाइल खाली आला.

"ताय, गंमत करू नको. ते माजं नाव हाय."

"माजं व्हतं. पाच वर्सं माजं व्हतं. तू आलास आन माज्या अंगावरनं उतरवून घेतलं. आयत्या बिळावर नागोबा! आन आता स्वताच्या लेकीलाबी तेच करायला निघालास? रुचिका, ऐक. निकेत नाव तुज्या पोरीचं न्हाय. पाठी मुलगा यावा म्हनून तिच्याकडं ठेवायला दिलंय. मुलगा झाला की काढून घेनार. मघाशी पडवीत मला सांगितलंय ह्याने. खोटं असंल तर म्हन रे, खोटं हाय म्हन!"

रतनने मोबाइल खिशात घातला. चारचौघांत त्याचा चेहरा उतरला, तो उतरताना मनुबाईने डोळे भरून बघितला. गोड लागला तिला तो क्षण. इतका गोड की त्याची लाज वाटायलाही वेळ लागला.

रुचिका दारात उभी होती. नवऱ्याकडे न बघता ती पाळण्यापाशी आली, पोरीकडे बघत राहिली, मग वळून म्हणाली, "एक विचारू, ताई? तुम्ही माझ्या मुलीला नाव दिलंत, की ह्यांना शिक्षा?"

मनुबाईला हे कुणी विचारील असं वाटलं नव्हतं. "दोन्ही," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या अंगात नव्हतं. "आधी शिक्षाच. तुज्या पोरीचा इचार मागनं आला."

"हो ना? म्हणजे आपल्या कामासाठी तिला वापरायला तुम्हीपण मागे राहिला नाहीत."

हे लागलं. मनुबाईने मान खाली घातली. केसरकाकू पुढे होऊन म्हणाली, "अगं, दुसरं ठेवू की. पुन्ना कुर्र करू."

"कानात गेलंय ना एकदा?" रुचिका म्हणाली. "फिरवत नाहीत म्हणता ना तुम्ही? मग नाही फिरवायचं. एका मुलीचं फिरवलंत तेवढं पुरे. रतन तर रतन. उद्या हिच्या पाठी दहा भाऊ आले तरी हिचं हिच्याकडेच राहील."

"अगं, पन कागदावर?" रतन कळवळून म्हणाला. "रतन रतन शिगवन लिवायचं का?"

"आता आईचं नाव आधी लागतं. रतन रुचिका रतन शिगवण. कुणी हसलं तर तुम्ही सांगा त्यांना, असं का झालं ते. तुम्हालाच सांगायचंय आयुष्यभर."

आता मात्र बाया मोकळ्या हसल्या, आणि या वेळी हसणं रतनवर होतं. तो पायऱ्या उतरून मांडवात गेला आणि उगाच खुर्च्या सरळ करू लागला. घुगऱ्या वाटल्या जाऊ लागल्या. पाळण्याची दोरी मनुबाईच्या हातात आली. ती झोके देत खाली बसली. बेचाळीस वर्षांचं ओझं उतरलं होतं, आणि हलकं वाटायच्या ऐवजी तिला नुसतं रितं वाटत होतं.

"रतन," कोपऱ्यातून आईचा आवाज आला. थकलेला, पण स्पष्ट. "रतन, जरा हिकडं ये."

मांडवातून भाऊ लगबगीने वर आला. "काय गं, आये?"

"तू न्हाय," म्हातारी म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "तवा मी गप बसली. माज्याच पोटची पोर रडत व्हती आन मी तोंडाला कुलूप लावलं. माज्या थोरल्या रतनला हाक मारतेय मी. रतन! ये गं बाय."

ओटीवरच्या सगळ्या बाया मनुबाईकडे वळल्या. मनुबाई पाळण्यात बघत होती. पोरीच्या ओठाला लागलेलं दूध ती पदराच्या टोकाने टिपत होती. आईची हाक तिने ऐकली होती, पहिलीही आणि दुसरीही. पण दुसऱ्या कुणाला हाक मारली की आपण आपलं काम करत राहतो, तशी ती काम करत राहिली होती.

रुचिका खाली वाकली आणि तिने तिच्या खांद्याला हात लावला. "ताई, आई बोलावताहेत."

"कुनाला?" मनुबाईने विचारलं.

"तुम्हाला."

"मला व्हय?" असं म्हणत मनुबाईने दोरी रुचिकाच्या हातात दिली, आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठली.