पैलाडे म्हणजे पलीकडचे

शहरातली आडनावं छापखानेवाल्याला जेवढी ठाऊक असतात तेवढी पोस्टमनलाही नसतात, असं मी भेटेल त्याला ऐकवत असे. चाळीस वर्षं मी लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं आणि शोकपत्रं छापतोय. कुठलंही आडनाव घ्या. त्याची घरं किती, कुठल्या गल्लीत जास्त, कुठल्या गल्लीत औषधालाही नाही, हे मी डोळे मिटून सांगायचो. आमची ही म्हणायची, "अहो, कुणी विचारलंय का तुम्हाला? जिभेला हाड म्हणून नाही." मी ते हसण्यावारी न्यायचो. चूक केली.

पैलाडे हे माझ्या लेकीच्या सासरचं आडनाव. शहरात त्यांची एकशे बारा घरं. त्यातली सत्तरएक नदीकाठच्या तीन गल्ल्यांत, बाकीची स्टेशनच्या मागे आणि पाण्याच्या टाकीपाशी. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, मीच छापलाय. तीन वर्षांपूर्वी व्याह्यांच्या डोक्यात आलं की सगळ्या पैलाड्यांना एकदा एकत्र बोलवावं आणि प्रत्येकाच्या हातात एक स्मरणिका द्यावी. कुणाचं घर कुठे, माणसं किती, कामधंदा काय, फोन नंबर, सगळं तिच्यात. व्याही जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, भलतेच काटेकोर. दारोदार फिरून त्यांनी यादी केली, एक घर सुटू दिलं नाही. सातव्या पानावर माझी लेक, जावई आणि तेव्हा सहा महिन्यांची असलेली नात.

मजकूर लावून झाला तर पंधरा पानांत संपला. फर्मा सोळा पानांचा असतो. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून घडी घालायची, त्यात एक पान कमी करता येत नाही. म्हणजे एक पान कोरं जाणार. आमच्या धंद्यात कोरं पान म्हणजे जेवायला बसलेल्या पंगतीत एक रिकामं ताट. मी व्याह्यांना म्हटलं, "आडनाव कुठून आलं ते टाका की. पैलाडे म्हणजे काय?"

"कुणाला ठाऊक?" ते म्हणाले. "आम्ही आपले पैलाडे म्हणजे पैलाडे."

"घरातली जुनी माणसं काही सांगत असतील."

"आमच्याकडची जुनी माणसं फारशी बोलायचीच नाहीत. तुम्हीच बघा ना काहीतरी. तुम्हाला या विषयातलं कळतं."

एवढं म्हटल्यावर मला काय पाहिजे? चहा घेतला, बसलो, आणि तासाभरात पान भरून टाकलं. पैलाडे म्हणजे पैलाडचे, नदीच्या पलीकडचे. फार वर्षांपूर्वी एका थंडीच्या पहाटे होडीतून सात माणसं या काठाला उतरली. घर काही उचलून आणता येत नव्हतं, म्हणून घरातल्या म्हातारीने दाराची कडी काढून पदराला बांधून आणली. काठावरच्या कारकुनाने विचारलं, कुठले तुम्ही? त्यांनी नदीपलीकडे बोट दाखवलं आणि त्याने तेच आडनाव म्हणून लिहून टाकलं. खाली जरा वजन यावं म्हणून मी बारीक अक्षरात एक ओळ घातली: 'ज्येष्ठ मंडळींच्या सांगण्यावरून.'

यात पैलाड्यांचं काहीसुद्धा नव्हतं. होडी आमची, सात माणसं आमची, म्हातारी म्हणजे माझ्या आजीची आई. कारकून तेवढा मी पदरचा घातला. ती कडी माझ्या छापखान्यातल्या मोठ्या कपाटाला आजही आहे, म्हणजे परवापर्यंत होती. आमच्या घरची गोष्ट आमच्या आडनावाला कधी चिकटलीच नाही, कारण आमचं आडनाव दुसऱ्याच कशावरून पडलेलं. म्हटलं पडून आहे, व्याह्यांच्या कामी येईल. उसनं भांडं द्यावं तशी मी ती देऊन टाकली.

मेळाव्यात व्याह्यांनी ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. बायकांनी डोळे पुसले. एक आजोबा उभे राहून म्हणाले, होडीत सात नाही, नऊ माणसं होती, माझ्या आजोबांनी मला सांगितलंय. मी मागच्या रांगेत बसून गालातल्या गालात हसत होतो. लेकीने माझ्याकडे बघून मान हलवली. तिला कडी ओळखू आली होती.

या वर्षी सरकारी फलक लागले. 'नदीपलीकडून येऊन वसलेल्या कुटुंबांची पडताळणी.' लोकांनी वाचलं आणि सोडून दिलं. मीही सोडून दिलं. पहिली नोटीस आली ती टाकीजवळच्या शिंप्याला, तोही पैलाडे. बायको आणि दोन मुलांना घेऊन सकाळी गेला, दुपारपर्यंत येतो म्हणून गिऱ्हाइकांना सांगून गेला. त्याला आता सहा आठवडे झाले. दुकानाच्या काचेतून शिवून तयार कपडे टांगलेले दिसतात, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. सुरुवातीला बायका काचेपाशी थांबून आपापले ब्लाउज शोधायच्या. आता त्या बाजूने कुणी चालतसुद्धा नाही. मग स्टेशनमागची चार घरं गेली. मग नदीकाठच्या पहिल्या गल्लीत दारांच्या चौकटींवर आकडे रंगवलेले दिसले, हिरवे, नीट वळणदार. मी ते जाऊन पाहिले. आकडे स्मरणिकेतल्या क्रमाने होते.

लेकीच्या घराला सत्तेचाळीस नंबर पडला. मागोमाग नोटीस: गुरुवारी सकाळी, कुटुंबासह. नोटीस घेऊन ती छापखान्यात आली, नात कडेवर. माझी नात आता साडेतीन वर्षांची आहे आणि तिला नाव विचारलं की ती आधी आडनाव सांगते, ठणठणीत आवाजात. ते मीच शिकवलंय, कौतुकाने.

"बाबा," लेक म्हणाली, "सासऱ्यांनी लिहून दिलंय की आम्ही पलीकडचेच. वर म्हणतात, छापलेलं आहे, लपवायचं कशाला? त्यांना वाटतं खरं बोललं की सोडतील."

"ती गोष्ट आपली आहे हे तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. ते माझ्यावरच चिडले. म्हणाले, माझ्या आजोबांची होडी तुझ्या बापाची कशी?"

मी नोटिशीची मागची बाजू वाचली. बारीक अक्षरं वाचायची मला सवय आहे. तिथे एक कलम होतं: लग्न झालेली मुलगी सासरच्या कुटुंबात धरली जाईल. मला एकदम हलकं वाटलं. पैलाडे पलीकडचे नाहीत, पलीकडचे आम्ही, एवढं मी जाऊन सांगितलं की लेक, जावई, नात तिघंही सुटली. राहिलो आम्ही दोघं, म्हातारा-म्हातारी.

दुपारी घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. तिने हात थांबवला नाही. "म्हणजे आपण जायचं," ती म्हणाली.

"आपलं काय राहिलंय आता? त्यांचं सगळं व्हायचंय."

"मी नाही कुठे म्हटलं?" ती म्हणाली, आणि उठून स्क्रूड्रायव्हर आणून दिला. छापखान्यात जाऊन मी कपाटाची कडी काढली. चार स्क्रू, तीन गंजलेले. कपाटाचं दार मग सुतळीने बांधून ठेवलं.

मंगळवारी, म्हणजे दोन दिवस आधीच, मी कचेरीत गेलो. लेक ऐकेना, तीही आली, आणि नातीला ठेवायला कुणी नाही म्हणून तिलाही आणलं. फाटकाशी वहीत मी माझं नाव लिहिलं. पहारेकरी सोबतच्या दोघींकडे बघून म्हणाला, "त्यांचं जाताना लिहू, मागे रांग आहे." दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या.

साहेब वयाने माझ्या जावयाएवढा, अत्यंत सभ्य. मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. टेबलावर माझी स्मरणिका होती. प्रत्येक घरापुढे हिरव्या पेन्सिलीची खूण. छपाई छान उठली होती, आणि तेवढ्यातही ते माझ्या लक्षात आलं याची मला लाज वाटली.

"हे शेवटचं पान मी रचलंय," मी म्हणालो. "पान कोरं राहत होतं म्हणून. सगळ्या थापा आहेत."

"पण इथे लिहिलंय, ज्येष्ठ मंडळींच्या सांगण्यावरून."

"तेही मीच लिहिलं."

त्याने एक फाइल उघडली. "एकोणचाळीस कुटुंबांनी लेखी दिलंय की हे असंच घडलं. एकाने होडीचा रंगही सांगितलाय."

"साहेब, होडी आमची होती," मी म्हटलं, आणि पिशवीतून कडी काढून टेबलावर ठेवली. आजी, आजीची आई, पहाट, सगळं सांगितलं. आवाज चढला माझा, तो चढतोच. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. कडी हातात घेऊन तोलून पाहिली आणि कागदावर लिहिलं: 'वस्तू एक, लोखंडी.'

"म्हणजे तुमचं कुटुंब नदीपलीकडून आलं."

"हो."

"इथे सही करा."

मी केली. "आता पैलाड्यांचं नाव काढा. ते इथलेच."

"ते कशावरून?"

आम्ही पलीकडचे असल्याचा पुरावा मी स्वतःच्या हाताने आणून दिला होता. ते पलीकडचे नसल्याचा पुरावा कुणाकडे असणार? तशी कडी कुठल्या दाराला असते?

"त्यांची नोंद आहे तशी राहील," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमची वेगळी होईल. गुरुवारी मुलीबरोबरच या, म्हणजे तुम्हाला दोन खेपा नकोत." मग त्याने कडी उलटी करून पाहिली. "हिची भोकं मागाहून पाडलेली दिसतायत. कशाला लावली होती?"

"कपाटाला."

"कसलं कपाट?"

इथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, कपड्यांचं. पण चाळीस वर्षांची खोड. "नमुन्यांचं," मी म्हणालो. "आमच्याकडे प्रत्येक कामाची एक प्रत ठेवतो. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या पत्रिका आहेत, आडनावाप्रमाणे लावून."

"पत्त्यांसकट?"

पत्रिकेवर पत्ता असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमच्या आडनावाची शहरात किती घरं आहेत?"

दोनशे सहा. सव्वाशे बाजारपेठेच्या मागे, बाकी शाळेच्या रस्त्याला. माझा भाऊ, चुलत भाऊ, त्यांची मुलं, मुलांची मुलं. झोपेत विचारलं तरी सांगेन.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"हरकत नाही. दुपारी दोघं येतील, कपाट घेऊन जातील. कुलूप आहे का त्याला?"

"नाही. सुतळी आहे."

त्याने तेही लिहून घेतलं.

मी घाईने बाहेर आलो. जिन्यावर एकच विचार डोक्यात होता, त्यांच्याआधी छापखाना गाठायचा आणि कपाटाला काडी लावायची. लेक बाकावरून उठली. "झालं का बाबा? आमची नावं काढली?"

"काढली," मी म्हटलं. खोटं बोललो. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला रडू फुटायला लागलं, म्हणून मी नातीला उचलून घेतलं आणि फाटकाकडे चालू लागलो.

पहारेकऱ्याने फाटक उघडलं नाही. तो खुर्चीत बसून फोनवर कुणाचं तरी ऐकत होता, हो साहेब, हो साहेब म्हणत. फोन ठेवून त्याने वही पुढे ओढली.

"तुमचं नाव आहे, आजोबा. यांची राहिलीत." मग तो नातीकडे बघून हसला. "काय गं, तुझं नाव काय?"

मी तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं. पण तिने मान सोडवून घेतली, ताठ बसली आणि मी शिकवलं होतं तसं, ठणठणीत आवाजात, आधी आडनाव सांगितलं.