कॅसेट लागत नाही तोवर

टिल्ल्या येणार म्हटल्यावर ताईने सगळ्यात आधी पलंगाखालचा व्हिडिओ गेम बाहेर ओढला. पाहुणा येणार म्हणून माणसं पडदे धुतात, गाद्यांना ऊन दाखवतात. ही बाई धुळीने माखलेला खोका मांडीवर घेऊन बसली.

टिल्ल्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी टीचभर होता म्हणून टिल्ल्या. आता दारातून वाकून शिरतो, पण नाव काही वाढलं नाही. नोकरीसाठी परदेशी गेला तो तिथलाच झाला. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा त्याला पोहोचता आलं नाही. का, ते ताईने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तेव्हापासून फोनवर दोघांचं बोलणं म्हणजे ‘कशी आहेस’, ‘बरी आहे, तू?’, ‘मजेत’. मग दोघंही रेंजच्या नावाने खडे फोडून फोन ठेवायची.

आता तो कामानिमित्त इकडे येणार होता आणि त्यातली एक दुपार ताईच्या वाट्याला आली होती. तीही ‘बरी आहे, मजेत’ करण्यात गेली तर आपला भाऊ आपल्याला कायमचा परका होणार, अशी धास्ती तिने घेतली होती. लहानपणी ती दोघं तासन्‌तास बोलायची ती या खोक्यापुढे बसून. म्हणून खोका चालू व्हायलाच हवा होता.

खोका मात्र ढिम्म. तिने अडॅप्टर बदलला, तेव्हा लाल दिवा तेवढा लागला. पिवळी वायर टीव्हीच्या मागे खोचली, कॅसेट दाबून बसवली, तरी पडदा कोराच.

“सोड की तो नाद,” नवरा म्हणाला. “जुनं झालंय ते.”

“जुनं टाकायचंच ठरलं तर सुरुवात तुझ्यापासून करीन,” ताई म्हणाली. नवरा गुपचूप आतल्या खोलीत गेला.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. मुंगीएवढे स्क्रू काढणं हा तिच्या हातचा मळ. कॅसेटचं कवच उघडून पाहते तो आतल्या सोनेरी पट्ट्यांवर काळे-हिरवे डाग. कशाचे, हे तिला लगेच उमगलं. दुकानात येणारी माणसं काचेवर हाऽऽ करून शर्टाला पुसतात आणि ती त्यांच्यावर खेकसते. इथे तर गेम लागला नाही की टिल्ल्या गाल फुगवून कॅसेटमध्ये फुंकायचा, थुंकीसकट. गेम लागायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, आणि श्रेय जायचं फुंकरीला. इतकी वर्षं मुरलेली ती ओल या डागांच्या रूपाने वर आली होती. ताईला हसू आलं आणि मग एकदम त्याची इतकी आठवण आली की हातातला चिमटा खाली ठेवावा लागला.

मग ती कामाला लागली. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून पट्ट्या पुसल्या. काड्या काळ्या होत गेल्या. चिवट डागांवर हलक्या हाताने खोडरबर फिरवलं. कॅसेट जिथे बसते त्या खाचेत घडी घातलेला एक पुठ्ठा अडकला होता. कॅसेट डगडगू नये म्हणून टिल्ल्यानेच कधीतरी औषधाच्या खोक्याचा तुकडा कोंबला होता. त्याने आतल्या पिना दबल्या होत्या. ताईने पुठ्ठा उपटून कचऱ्यात टाकला आणि एकेक पिन सुईने वर उचलली. मान भरून आली, डोळे चुरचुरले, पण हात ढळला नाही.

बटण दाबलं आणि ते ओळखीचं किणकिणतं संगीत सुरू झालं. ताई एकटीच टाळ्या पिटत नाचली. दहादा बंद करून पाहिलं, दहादा लागलं. मग तिचा जीव भांड्यात पडला.

टिल्ल्या आला तो दवाखान्यात नंबर लावल्यासारखा गुडघ्यांवर हात ठेवून सोफ्यावर बसला.

“कशी आहेस?”

“बरी आहे. तू?”

“मजेत.”

ताईने घाईघाईने खोका पुढे ओढला. कॅसेट बसवली, बटण दाबलं. चित्र हजर.

“पहिल्या झटक्यात?” टिल्ल्या चकित झाला. तेवढंच. मग दोघं खेळत बसली. त्याची बोटं काही विसरली नव्हती. त्याचा गडी मेला की तो “तुझा डाव” म्हणायचा, तिचा मेला की ती. बाकी अवाक्षर नाही. आणि तेव्हा ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेम चालू असताना ती दोघं कधी बोललीच नव्हती! बोलायची ती कॅसेट लागत नसताना. तो टीव्हीकडे पाठ करून फुंकत असायचा, ती टीव्हीमागे वायर धरून, वाकून पडदा बघत उभी असायची. गणितात नापास झाल्याचं त्याने तेव्हाच सांगितलं होतं, पाठमोऱ्यानेच. आणि ताईने राबराबून नेमकं तेच घालवलं होतं.

टिल्ल्याने मोबाइल पाहिला. “टॅक्सी सांगून ठेवतो.”

ताई उठली, टीव्हीमागे गेली आणि पिवळी वायर नखभर बाहेर ओढली. पडदा कोरा झाला.

“अगं बाई! हे काय झालं?” खोटं बोलणं तिला कधीच साधलं नव्हतं, पण तो पाहत होता खोक्याकडे.

“सरक, तुला नाही जमायचं,” म्हणत टिल्ल्या सोफ्यावरून थेट फरशीवर उतरला आणि टीव्हीकडे पाठ करून बसला. “वायर धर, ताई.”

त्याने कॅसेट काढली, गाल फुगवले. फुंकू नकोस रे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

“दिसतंय का?”

“नाही.”

“माझा पुठ्ठा कुठंय?”

“टाकला.”

“टाकलास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” त्याने खिशातला विमानाचा जुना पास काढला, घडी घातली आणि खाचेत कोंबला. पुन्हा फुंकलं. पुन्हा. मग कॅसेट तोंडाजवळच धरून, मागे न बघता म्हणाला, “ताई, आईने शेवटी माझं नाव काढलं होतं का गं?”

ताईने वायर घट्ट धरली.

“रोज काढायची. शेवटच्या दिवशी डोळ्यांनी दिसेना तिला. माझा हात चाचपला आणि म्हणाली, टिल्ल्या, आलास?”

“मग?”

“मी म्हटलं, हो. आलो.”

टिल्ल्याची पाठ हलत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने कॅसेट खाचेत बसवली.

“दिसतंय का गं?” त्याचा आवाज ओला झाला होता.

“नाही रे,” ताई म्हणाली. “अजून फुंक.”