मला घासा, झिजले तरी चालेल

मी मेणबत्ती बोलतेय. वात शोधू नका, मला वात नाही. मी चिनी मातीची, आतून पोकळ, पाणी गाळायच्या फिल्टरमध्ये उभी असते. वरच्या डब्यात गढूळ पाणी ओतायचं, ते माझ्या अंगातून झिरपून खालच्या डब्यात निवळ उतरतं. एवढंच माझं काम. एवढ्याशा कामापायी माणसं मला देव करून ठेवतील, असं भट्टीतच कळलं असतं तर मी तिथंच तडकले असते.

छप्पन साली मला काळूरामनं आणलं. तो मुंबईला गोदीत हमाली करायचा. घर पेणच्या खाडीकडे, मिठागरालगत. चहूकडे पाणी, पण पिण्याजोगं फक्त तळ्याचं, आणि त्यातही म्हशी बसायच्या. त्या पाण्यानं त्याचा थोरला मुलगा हगवणीत गेला. मागे राहिली धाकटी रंगू. तिच्यासाठी मी आले.

काळूरामनं बायकोला, मैनाला, बजावलं होतं की आठवड्यानं हिला काढायचं, काथ्यानं घासायचं, उकळायचं. तो मुंबईला गेला आणि त्याच्या आईनं, सखुबाईनं, ते मोडीत काढलं. पोराच्या घामाची वस्तू, घासून घासून खडूसारखी संपवाल, म्हणाली. दसऱ्याला फिल्टरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग काय, वरून पाणी ओतायचं, मला हात लावायचा नाही.

माझ्या अंगावर बुळबुळ धरली. खाडीतल्या निवटी माशाच्या अंगाला असतो तसा चिकटा. धार होती तिची ठिबक झाली. आणि ही माणसं खूश! सखुबाई शेजारणींना सांगायची, थेंब थेंब येतंय म्हणजे लई बारीक गाळतंय. मी थक्क झाले. अगं बाई, माझा गळा आवळलाय! ती घाण माझ्या अंगात शिरली, वाढली आणि पलीकडे उतरली. पाणी दिसायला मात्र काचेसारखं.

रंगूला हगवण लागली. डोळे खोल गेले. मैना तिला फिल्टरचंच पाणी पाजायची, चांगलं म्हणून. माझंच पाणी. हे मला आजही सोसत नाही.

एका दुपारी तोटी कोरडी पडली. मैनानं झाकण काढून आत हात घातला, आणि बाहेर काढलेल्या हाताकडे बघतच राहिली. बोटांवरून हिरवट लाळ लोंबत होती.

सखुबाई धावत आली. पुजलेल्या वस्तूला काथ्या लावू नको म्हणाली.

एरवी मैना सासूपुढं मान वर करत नसे. त्या दिवशी म्हणाली, "आत्याबाय, देवाचे टाक दसऱ्याला राखेनं घासता न्हवं? देव झिजला का?"

सखुबाई चुलीकडे वळली. बारीक आवाजात तिनं विचारलं, "राख आणू?"

"काथ्या आणा. आन् चूल पेटवा."

मैनानं मला अशी घासली की माझा पांढरा भुगा तिच्या हाताला लागला. मग खळखळत्या पाण्यात टाकली. रंगूला उकळून गार केलेलं पाणी, पेजेची निवळ, चमच्या-चमच्यानं पाजली. घरात कोणाला घास गिळवत नव्हता. मग एका सकाळी पोरीनं सुकट मागितली, आणि नाही म्हणताच भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून सखुबाई हसत सुटली.

तेव्हापासून दर आठवड्याला मला घासतात. मी पार बारीक झालेय, त्याचं मला काही नाही. पण आता बुडाशी केसाएवढी चीर गेलीय. पाणी न गाळताच त्या चिरेतून भराभर उतरतंय, आणि घरात पुन्हा सगळे खूश! मेणबत्ती झकास चालतेय म्हणतात. अरे, चालत नाही, गळतेय!

आत्ता मैना मला घासायला बसलीय. तिचा अंगठा बुडाकडे सरकतोय. बाई, थांब, उन्हात धर, नीट बघ. माझी माया करू नको, लाख लावून सांधू नको. मला उकिरड्यावर फेक, दुसरी आण. आणि ती येईपर्यंत पाणी उकळ. रंगू शाळेतून येईल आणि आल्या आल्या तांब्या तोटीखाली धरील.